दर्पणाच्या वर्षातली कुत्री

मराठी वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याला १८३२ हे साल पाठ असते. त्या वर्षीच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक काढला आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला, हे वाक्य आम्ही स्वतः कैक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. त्याच वर्षी, बरोबर पाच महिन्यांनी, ६ जूनला, त्याच मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले. कळले तेव्हा प्रथम हसू आले. मग लक्षात आले, की कुत्रा या प्राण्याचे आपल्या सार्वजनिक जीवनात पुढे जे जे झाले, त्याचा सारा पेच त्या दोन दिवसांत उभा राहिला होता.

हकीकत अशी. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आणि त्यांच्या चावण्याने होणारा जलसंत्रास यांवर उपाय म्हणून कंपनी सरकारने १८१३ पासून उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत कुत्री मारण्याची पद्धत पाडली होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे ही त्या काळी हलकी रक्कम नव्हती. त्यामुळे मारेकरी रस्त्यावरची कुत्री सोडून घरांच्या आवारातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मकृत्यात स्थान आहे. मृतदेह कुत्र्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज अंत्यविधी पुरा होत नाही. या विधीला 'सगदीद' म्हणतात. त्यातून ६ जून हा त्यांचा पवित्र दिवस. जमावाने शिपायांना आणि कुत्री मारणाऱ्यांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, जैन, हिंदू आणि इस्माइली व्यापारीही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली. सरकारने दंगलीचा कायदा वाचून दाखवला, फौज आणली, धरपकड केली. पुढे जमशेटजी जिजीभाईंसारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा पुढे आला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

इतिहासकारांनी या दंगलीकडे मुख्यतः पारशी समाज आणि इंग्रजी सत्ता यांच्या नात्याचा एक प्रसंग म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका बाजूला दंड आहे : कुत्रा म्हणजे रोग, म्हणून कुत्रा मारा. दुसऱ्या बाजूला दया आहे : कुत्रा म्हणजे जीव, म्हणून त्याला पोसा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक होते. पण कुत्र्याला रोग होऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारला नाही. विचारणे शक्यही नव्हते; त्याचे उत्तर अद्याप जगात कोणापाशीच नव्हते. आमचा आक्षेप तेथे नाही. उत्तर सापडल्यानंतरही आपण दीर्घकाळ त्याच दोन पक्षांत वाटून राहिलो, आक्षेप आहे तो याला.

रोग मात्र जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, उंदरांच्या विषाचा विचार करणाऱ्या सातव्या अध्यायात, पिसाळलेल्या कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे वर्णन येते. शेपूट, जबडा आणि खांदे गळालेले, तोंडातून लाळ, आंधळ्या-बहिऱ्यासारखे धावणे. चावा बसलेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. विष आपणहून उसळण्याआधी वैद्याने ते मुद्दाम उसळवावे, असा एक चमत्कारिक सल्लाही आहे. यावरून 'लस आमच्याकडे आधीच होती' असे म्हणणारे भेटतात. त्यांच्या पंगतीला बसण्याची आमची तयारी नाही. पण रोगाचे निरीक्षण इतके नेमके आहे, की त्यापुढे पुष्कळ शतके कोणी फारशी भर घालू शकले नाही.

लोकभाषेचे निरीक्षण तेवढे नेमके नाही. 'पिसाळणे' हा आपला शब्द 'पिसे' या शब्दाच्या घरचा, आणि त्याचे नाते पिशाचाशी लावले जाते. म्हणजे कुत्र्याला काही झाले नाही, त्याच्या अंगात काही शिरले, ही समजूत शब्दातच बसली आहे. त्यात 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण. तिचा व्यवहारातला अर्थ काहीही असो, पशुवैद्यकाच्या दृष्टीने ती धोक्याची आहे. रेबीज झालेला कुत्रा दर वेळी चवताळतोच असे नाही. रोगाच्या मूक प्रकारात तो कोपऱ्यात पडून राहतो, जबडा लुळा पडतो, आवाज बदलतो किंवा जातो. घशात हाड अडकले असेल असे समजून मायेने तोंडात हात घालणारा धनी अशा वेळी मरण ओढवून घेतो. हे आमच्या म्हणींना ठाऊक नाही.

आता १८३२ वरून पन्नास वर्षे पुढे यावे आणि परळला जावे. आज ज्याला आचार्य दोंदे मार्ग म्हणतात त्या रस्त्यावरून आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. बहुधा कोणा नातेवाइकाला रुग्णालयात भेटायला. केईएम रुग्णालय त्याच रस्त्यावर आहे, हाफकिन संस्था तेथेच आहे आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयही तेथेच आहे. शेवटचे सर्वांत जुने. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी सोसायटी १८७४ मध्ये निघाली होती. तिच्या कार्यातून आणि गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात हे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नीचे नाव दिले गेले. त्याला जोडूनच १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ज्या समाजाने कुत्र्यांसाठी बाजार बंद केला होता, त्याच समाजाने अर्ध्या शतकानंतर त्यांच्यासाठी दवाखाना बांधला, ही आम्हांला मोठी वाटचाल वाटते. पांजरपोळात जीव मरेपर्यंत सांभाळला जातो. दवाखान्यात तो बरा व्हावा अशी अपेक्षा असते. दयेने येथे प्रथमच विद्येचा हात धरला.

परंतु पशुवैद्यक विद्येचे स्वतःचे लक्ष कुत्र्या-मांजरांकडे नव्हतेच. ती आली लष्कराच्या पाठोपाठ. फ्रान्समध्ये ल्यों येथे १७६१ मध्ये क्लोद बूर्जला याने पहिली पशुवैद्यक शाळा काढली, तीही घोड्यांच्या आणि गुरांच्या चिंतेतून. हिंदुस्थानातले पहिले लष्करी पशुवैद्यक शिक्षण १८६२ मध्ये पुण्यात सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यातच आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली जीवाणुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली (ती चार वर्षांनी कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला गेली), पण तिच्यापुढचा प्रश्न बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या साथीचा होता. याचे पडसाद आपल्या भाषेत अजून आहेत. खेड्यात पशुवैद्याला 'गुरांचा डॉक्टर' म्हणतात आणि त्याच्या जागेला 'गुरांचा दवाखाना'. त्या नावात कुत्रे नाही, मांजर तर नाहीच.

मुंबईच्या महाविद्यालयाच्या एकच वर्ष आधी, ६ जुलै १८८५ रोजी, पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचायला आरंभ केला. अल्सासमध्ये पिसाळलेला कुत्रा त्याला चावला होता. सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली ती लस दिवसागणिक अधिक तीव्र मात्रेत दिली गेली आणि मुलगा वाचला. ही कथा प्रत्येक शाळकरी पुस्तकात आहे. तिच्या आधीची कथा नाही. पाश्चरनी ही लस प्रथम कुत्र्यांना टोचली होती. १८८४ मध्ये एका सरकारी समितीपुढे त्यांनी ती कुत्री रोगाला दाद देत नाहीत हे दाखवूनही दिले होते. म्हणजे प्रतिबंधाची कल्पना कुत्र्यापासूनच निघाली. मग एक मुलगा दारात आला, त्याची आई बरोबर होती, आणि विद्या कुत्र्याकडून माणसाकडे वळली. तशी ती वळणारच. पण त्यानंतर ती कुत्र्याकडे परतायला फार वेळ लागला.

हिंदुस्थानात हे विशेष दिसते. चावा बसलेल्या गोऱ्या सैनिकांना आधी पॅरिसला पाठवीत. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली, १९०७ मध्ये कुन्नूरला. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून, कार्बॉलिक ॲसिडने विषाणू मारून, नवी लस तयार केली आणि १९११ मध्ये तिची कृती प्रसिद्ध केली. स्वस्त, देशात कोठेही करता येईल अशी. तिने असंख्य जीव वाचवले. तिनेच आमच्या पिढीच्या बालपणावर भीतीची सावलीही धरली. 'कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस आमच्या वयाचा असणे कठीण. ती भीती निराधार नव्हती. मेंदूच्या पेशी असलेल्या त्या लशीने क्वचित काहींना पक्षाघात होई. अधिक निर्धोक लशी उपलब्ध झाल्यानंतरही ती आपल्याकडे पुष्कळ काळ चालू राहिली आणि २००५ च्या सुमारास बंद झाली. म्हणजे जवळजवळ एक शतक आपण चावलेल्या माणसाच्या मागे धावत होतो. चावणाऱ्या कुत्र्याला एक सुई टोचावी, हा विचार धोरणात कोठे तरी तळाशी होता.

तो अन्यत्र अमलात आला होता. जपानमध्ये उमेनो आणि दोई या संशोधकांनी १९२१ मध्ये कुत्र्यांसाठी एकाच टोचणीची लस पुढे आणली. १९५० मध्ये तेथे कायदा झाला : कुत्र्याची नोंदणी आणि नियमित लस, दोन्ही सक्तीची. १९५७ नंतर तेथील प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही. या हकीकतीत कोणी थोर डॉक्टर नाही, दारात उभी असलेली आई नाही. नोंदवह्या आहेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात येणारी सुई आहे. अशा विषयावर कोण नाटक लिहील?

आमचा मुद्दा हाच आहे, आणि साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडण्याचे कारणही हेच. साहित्याला दोन कुत्री माहीत आहेत. महाभारताच्या आरंभी सरमेच्या पिलाला जनमेजयाचे भाऊ विनाकारण मारतात आणि तिचा शाप घेतात. शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. दत्ताच्या पायांशी कुत्री आहेत, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावतात. हा झाला दयेचा कुत्रा. दुसरा पिसाळलेला. हार्पर ली यांच्या १९६० च्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीत ॲटिकस फिंच भर रस्त्यात पिसाळलेल्या कुत्र्यावर एकच गोळी झाडतो आणि त्याच्या मुलांना बाप नव्याने कळतो. आम्ही हे प्रकरण वर्गात शिकवताना त्या गोळीतल्या नैतिक अर्थावर तास घालवले आहेत. मेकॉम गावात कुत्र्यांना लस का दिली जात नव्हती, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि, खरे सांगायचे तर, आम्हांलाही सुचले नाही. गोळी ही घटना आहे. लस म्हणजे घटना न घडणे. न घडलेल्या गोष्टीची कथा होत नाही, आणि ज्याची कथा होत नाही त्याची आपल्या कल्पनाशक्तीत जागाच होत नाही.

मांजराचे प्रकरण याहून मौजेचे आहे, आणि ते वऱ्हाडातले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली, हे सर्वज्ञात आहे. पण अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी वेगळीच वाट धरली. गावोगाव किती घरांत मांजर आहे याची त्यांनी गणती करवली आणि जेथे मांजरे अधिक तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजर हे प्लेगचे निवारक असल्याचा लेख लिहिला. वाघाच्या मावशीचा एवढा सरकारी सन्मान पूर्वी कधी झाला नसावा. आज आपल्याला ठाऊक आहे, की मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो. बुकॅननच्या गणतीत मांजर हे औषध होते. ते रुग्णही असू शकेल हे त्या चौकटीत बसत नव्हते.

कुत्र्या-मांजरांना रुग्ण म्हणून, आणि त्याहून पुढे जाऊन अद्याप रुग्ण न झालेले जीव म्हणून पाहणे ही विसाव्या शतकातली गोष्ट. त्यातही प्रेमाची आणि पैशाची भेसळ आहेच. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू आँरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवून दिला. लस मात्र इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात झाली, कारण कोल्ह्यांच्या शिकारीचे शौकीन आपल्या कुत्र्यांच्या मरणाने हवालदिल झाले आणि 'द फील्ड' या नियतकालिकाने निधी उभारला. लेडलॉ आणि डंकिन यांनी त्या कामात फेरेट हा मुंगसासारखा प्राणी वापरला. त्याच प्राण्यामुळे १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला. शिकाऱ्यांच्या लाडक्या कुत्र्यांचे ऋण माणसाच्या फ्लूवर असे आहे. पुढे १९७८ मध्ये पार्व्हो हा नवाच विषाणू कुत्र्यांत उमटला आणि पाहता पाहता जगभर पसरला. तो मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा आप्त. आज पशुवैद्य पिलाला सहा-आठ आठवड्यांपासून दर काही आठवड्यांनी लस देतो, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. एकच पुरेशी का नाही, असे पालक कुरकुरतात. कारण साधे आहे : आईच्या दुधातून आलेले संरक्षण लशीलाही निष्फळ करते, आणि ते नेमके कधी ओसरेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्या अनिश्चित दिवसांत वारंवार दार ठोठवावे लागते. रेबीजची सुई तीन महिन्यांनंतर, मग वर्षाने. मांजरालाही. घरातच असते, बाहेर जात नाही, ही सबब मांजराला कधी कोणी विचारून दिलेली नसते.

हे झाले घरातले. रस्त्यावर १८३२ अजून संपलेले नव्हते. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारीत होती. त्याआधी, १९९२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने म्हटले होते, की नुसती कुत्री हटवण्याने त्यांची संख्या किंवा रेबीजचा प्रसार लक्षणीय घटल्याचा पुरावा कोठेही नाही. जागा रिकामी होते, अन्न तेथेच असते, नवी कुत्री येतात. २००१ मध्ये केंद्राने निर्बीजीकरण आणि लसीकरणाचे नियम केले, २०२३ मध्ये ते नव्याने केले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत तो बदलून, लस व निर्बीजीकरणानंतर त्यांना मूळ जागी सोडण्याची मुभा दिली (पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून). त्या पंधरवड्यातला वाद ज्यांनी ऐकला, त्यांना कोटातला तो जून ओळखीचा वाटला असता. एका बाजूस मुलांच्या अंगावरचे चावे, दुसऱ्या बाजूस मुक्या जिवाची करुणा. दोन्हींकडे अश्रू खरे होते.

चावे तर खरेच. जागतिक आरोग्य संघटना भारतातील रेबीजचे मृत्यू वर्षाला अठरा ते वीस हजार सांगत आली. २०२२-२३ मधील देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज सुमारे ५,७०० चा आहे. अंदाजांत एवढे अंतर असावे हेच पुरेसे बोलके आहे. ज्या घरी ते मरण येते त्या घराची नोंद अनेकदा होतच नाही. लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि चाव्यानंतर लगेच पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने जखम धुणे, लशीचे सारे डोस, गरजेनुसार जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, एवढे वेळेवर झाले तर तो जवळजवळ कधीच मरत नाही. हळद-चुना-मिरची यांत गेलेला तास मात्र परत मिळत नाही.

गोव्यात २०१३ नंतर जे झाले ते म्हणूनच आम्हांला महत्त्वाचे वाटते. तेथे गावोगाव हातजाळी घेऊन गेलेल्या तुकड्यांनी दरवर्षी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस देण्याचे उद्दिष्ट धरले, शाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांची नोंद ठेवली. सत्तर टक्के या आकड्यामागे हिशेब आहे : वर्षभरात काही कुत्री मरतात, नवी जन्मतात, आणि तरीही पुढच्या फेरीपर्यंत रोगाची साखळी तुटलेली राहिली पाहिजे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे तेथील कुत्र्यांतील रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. या कामगिरीवर कोंकणीत किंवा मराठीत एखादी कथा आमच्या वाचनात आलेली नाही. आली तरी तीत काय असेल? एक जाळे, एक सुई, कपाळावर रंगाचा एक पट्टा, आणि कुत्रा सुटून पळून जातो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्री असते. तिच्या कानाचा शेंडा कापलेला आहे. त्या खुणेचा अर्थ निर्बीजीकरण झाले आणि तेव्हा रेबीजची लसही दिली गेली, एवढाच. कोणत्या वर्षी, हे त्या कानावर लिहिलेले नाही. आणि लशीचा परिणाम तर वर्षानुवर्षे उतरत जातो. गेल्या आठवड्यात आम्ही शेजाऱ्यांना विचारले. कोणी म्हणाले दोन वर्षे झाली, कोणी म्हणाले ती आली तेव्हापासून तशीच आहे. येत्या रविवारी पशुवैद्याला बोलावले आहे. तिला धरणार कोण, हे अजून ठरायचे आहे.